मूळ स्क्रू आढळला नाही

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कुणाच्याही दुकानात चहा घेतला नाही. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो, आणि आमच्या खात्यात चहाचं असं असतं, की आज कपभर चहा, उद्या बशीभर बिस्किटं आणि परवा नऊशे ग्रॅमचा किलो. म्हणून मी पहिल्याच दिवशी नियम करून टाकला, ड्यूटीवर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. परिणाम असा झाला, की चौतीस वर्षं मी हजारो दारांत उभा राहिलो आणि मला बघून आनंद झालाय असा एकही माणूस भेटला नाही. निरोप समारंभात खात्याने चहा दिला, तर तोही मी सवयीने हात आडवा करून नाकारला. साहेबांना वाटलं, मी रागावलोय.

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे फोनो. फोनो म्हणजे कर्ण्याचा, हँडल फिरवून किल्ली भरायचा, जाड काळ्या तबकड्या वाजवणारा जुना डबा. आमच्या सोसायटीचे चेअरमन म्हणतात, नळकांड्यावर वाजतो तो फोनोग्राफ आणि तबकडीवर वाजतो तो ग्रामोफोन. म्हणोत बापडे. एकोणीस वर्षं दुसरं कुणी उभं राहत नाही म्हणून ते चेअरमन आहेत, त्यांना एवढं तरी म्हणू द्यायला हवं.

गेल्या वर्षी मी माळा रिकामा करायला घेतला. ही गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि मुलगा परदेशातून फोनवर सारखा सांगत होता, बाबा, पसारा कमी करा. माळ्यावर हिच्या वडिलांच्या अकरा तबकड्या निघाल्या. ही लग्नात त्या घेऊन आली होती. "एकदा ऐकू या हो," असं ती वर्षातून दोनदा तरी म्हणायची, आणि मी "बघू" म्हणायचो. बघू म्हणण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तर त्या मी रद्दीवाल्याला द्यायला काढल्या. त्याने तराजू उचलला, एका पारड्यात तबकड्या, दुसऱ्यात दोन किलोचं वजन. मी सहज वजन उलटं करून पाहिलं, तर बुडाचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे मुदत संपलेला. माझा हात जप्तीचा कागद काढायला खिशात गेला आणि मग आठवलं, आपण आता कुणी नाही. तरी पाऊण तास मी त्याला कायदा समजावून सांगितला. त्याने शांतपणे ऐकलं, तबकड्या खाली ठेवल्या, आमची रद्दीही खाली ठेवली आणि या इमारतीची पायरी पुन्हा चढणार नाही असं सांगून गेला. तो शब्दाचा पक्का निघाला. जिन्याखाली आता सगळ्या इमारतीची वर्षभराची रद्दी साठली आहे आणि तिला माझ्या नावाने ओळखतात.

तबकड्या परत टेबलावर आल्या. आता न ऐकता टाकवेनात. ऐकायच्या तर फोनो हवा. आणि फोनो हवा हे मी एकदा, फक्त एकदा, जिन्यात बोललो.

जिन्यात बोललेली गोष्ट आणि वर्तमानपत्रात छापलेली गोष्ट यांत फरक एवढाच, की वर्तमानपत्र सगळे वाचत नाहीत. संध्याकाळपर्यंत घरी तीन सल्लागार हजर. समोरच्या वहिनी म्हणाल्या, जुन्या लाकडात ढेकूण असतात, आणा पण आठ दिवस गॅलरीत ठेवा. वरचे बँकवाले, जे कर्जखात्यातून निवृत्त झाले आणि ज्यांनी आयुष्यात कुणालाही पहिल्या खेपेला हो म्हटलेलं नाही, ते म्हणाले, उत्सुकता दाखवायची नाही. वस्तू आवडली की जांभई द्यायची. किंमत निम्म्यावर येते. आणि चेअरमन एक कागदच घेऊन आले. त्यावर अस्सल फोनो ओळखण्याच्या आठ खुणा होत्या. हल्ली बाजारात नव्या डब्यावर नवा पितळी कर्णा बसवून, चहाच्या पाण्याने लाकूड काळं करून, जुना म्हणून विकतात म्हणे. तेव्हा कर्ण्याचा जोड बघा, आवाजाच्या डबीतला पडदा अभ्रकाचा आहे का बघा, आत वेग सांभाळणाऱ्या तीन गोळ्या मूळच्या आहेत का बघा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे स्क्रू बघा. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच असते. फुलीची खाच दिसली, की समजा हात फिरलाय.

खरं सांगतो, तो कागद वाचताना माझ्या अंगात दोन वर्षांनी रक्त फिरलं. शिक्के, खुणा, मूळ आणि बनावट. मी पोटमाळ्यावरून खात्याची जुनी बॅग काढली, भिंग, टॉर्च, पेचकस भरले, आणि निरीक्षण अहवालाचं उरलेलं एक पॅडही त्यात टाकलं. पॅड सरकारी होतं. त्याबद्दल मी खात्याला पत्र लिहून किंमत भरायची तयारी दाखवली होती, उत्तर अजून यायचं आहे.

पहिला फोनो एका डॉक्टरांकडे पाहिला. कर्णा असा लखलखत होता, की त्यात मला माझं नाक दिसलं. आठपैकी सहा खुणा नापास. मी रीतसर अहवाल लिहिला, कार्बनची प्रत डॉक्टरांच्या हातात दिली आणि बॅग आवरली. तेवढ्यात डॉक्टरांच्या आई चहा घेऊन आल्या. माझा हात आपोआप आडवा झाला. मग मला जाणवलं, आपण ड्यूटीवर नाही. मी कप घेतला. आजींनी गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, गुडघ्याचं पुन्हा सांगितलं. दीड तास मी तिथे बसलो. परत येताना बसमध्ये मी काहीतरी गुणगुणत होतो, शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला तेव्हा ते कळलं.

चार महिन्यांत मी एकूण एकोणीस फोनो पाहिले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घरी कर्ण्याचा आतला जोड चाचपायला हात घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि मनगटावरच्या घड्याळामुळे अडकला. घरच्यांनी तेल लावलं, साबण लावला, मग सगळे दमले आणि चहा झाला. मी डाव्या हाताने कप धरला होता आणि उजव्या हातात कर्णा घालून त्यांच्या मुलीच्या नोकरीबद्दल बोलत होतो. त्यांच्याकडे पाहुणे आले, त्यांना माझी ओळख "फोनोवाले" अशी करून दिली, आणि मला पाहून कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. दुसऱ्या एका घरी, ते वकिलाचं होतं हे दुर्दैव, मी किल्लीचं झाकण उघडलं आणि आत गुंडाळलेली स्प्रिंग शंभर वर्षांचा राग काढावा तशी बाहेर आली. काळं वंगण छतापर्यंत गेलं. वकिलांनी नोटीस पाठवली, तिच्यात सोफ्याची तीन कव्हरं, एक पडदा आणि सासूबाईंची साडी अशी यादी होती. मी धुलाईचे पैसे भरले. पण पैसे द्यायला गेलो तेव्हा सासूबाईंनी बसवून घेतलं, हेही सांगायला हवं.

मधे चेअरमननी नवीनच बातमी आणली. शंभर वर्षांवरची वस्तू घ्यायची तर कुठल्याशा कार्यालयात नोंदणी लागते. गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, आधी वस्तू दाखवा. मी म्हटलं, अजून घेतलेली नाही. तो म्हणाला, मग घ्या. मी म्हटलं, नोंदणीशिवाय घेऊ कशी? तो म्हणाला, वस्तूशिवाय नोंदणी कशी? चौतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो, त्यामुळे हा युक्तिवाद किती भक्कम आहे हे मला माहीत होतं. फॉर्ममध्ये वस्तूचं जन्मसाल आणि दोन साक्षीदार मागितले होते. साक्षीदार वस्तूच्या जन्माच्या वेळी हजर असायला हवेत का, असं मी विचारलं. त्याने माझं नाव वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाला, तुम्हीच ना ते, आमच्या वडिलांच्या दुकानातलं दुधाचं माप जप्त करून नेलं होतंत? त्यानंतर तो माझ्यासमोर अख्खा कपभर चहा प्यायला, सावकाश. मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

आता एक गोष्ट कबूल करतो. मला फोनो नको होता. पाचव्या-सहाव्या घरापासूनच नको होता. मला बेल वाजवल्यावर दार उघडलेलं हवं होतं. आपल्या घरी मी बाहेर पडताना अजून "येतो गं" म्हणतो, कुलूप लावतो, आणि परत आल्यावर कप जिथे ठेवला तिथेच असतो. रविवारी अकराला मुलाचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, दार नीट लावता का, अशी त्याची तीन कलमं असतात आणि ती सात मिनिटांत संपतात. पोरगा गुणी आहे, वेळही चुकवत नाही. पण उरलेल्या आठवड्याचं काय करायचं? फोनो विकणारा माणूस तरी मला बसा म्हणायचा. म्हणून मी प्रत्येक फोनोत काहीतरी काढायचो. एकोणिसाव्यात तर तबकडीखालचं फेल्टचं कापड जरा जास्त हिरवं आहे असं लिहिलं.

हे जिन्यात कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. तिथे सगळ्यांना वाटायचं, माणूस फार काटेकोर. आणि रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, किती वणवण करताय. तुमच्या वाढदिवसापर्यंत मिळाला नाही तर मी इथून ऑर्डर करतो. घरपोच येईल." मी म्हटलं, फोटोवरून स्क्रू कळत नाहीत. तो म्हणाला, मी सर्टिफिकेट मागवतो. वाढदिवसाला पाच महिने होते.

त्याच आठवड्यात विसावी जाहिरात दिसली. फोन केला तर पलीकडून आवाज आला, "बोला, ऐकतेय." असं ऐकतेय मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, एकतीस वर्षं. शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीत एक खुर्ची, आणि खालून शिलाई मशीनचा आवाज. लग्न केलेलं नव्हतं. भावाबरोबर राहायच्या, भाऊ गेला, भाचरं आपापल्या गावी. त्यांच्या खात्यातही एक नियम होता, दोघांची लाइन जोडून झाली की कानावरचं काढून ठेवायचं. एकतीस वर्षं त्यांनी हजारो लोकांना एकमेकांशी बोलायला लावलं आणि कुणाचंच ऐकलं नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी त्यांना चहाचं सांगितलं.

फोनो भावाचा. तबकड्यांतली मात्र एकही उरली नव्हती, भाचरांनी लहानपणी त्यांच्या थाळ्या करून खेळ मांडला होता. मी बॅग उघडली आणि भिंग लावलं. काय सांगू! कर्ण्याचा जोड मूळचा, पडदा अभ्रकाचा, तिन्ही गोळ्या जागच्या जागी, लाकडावर चहा नाही. मला घाम फुटला. विकत घ्यावा लागणार की काय! आणि तेवढ्यात कर्णा धरणाऱ्या कमानीवर तो दिसला. चार स्क्रूंतला एक. चकचकीत, फुलीच्या खाचेचा, जेमतेम महिन्याभरापूर्वी हार्डवेअरच्या दुकानातून आलेला.

मी अहवाल लिहिला. एक त्रुटी. बाईंना म्हटलं, "हा एक स्क्रू मूळचा असता तर मी आत्ता उचलला असता." त्या म्हणाल्या, "काय करणार, हरवला." आणि चहा ठेवायला गेल्या. त्यांच्या साखरेचा चमचा पाच मिलिलिटरचा नव्हता, पण मी काही बोललो नाही.

यंत्र वाजवून पाहिल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही, म्हणून पुढच्या बुधवारी मी एक तबकडी घेऊन गेलो. कुणी गाणारी बाई होती, आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, पण गात होती हे नक्की. तीन मिनिटांत संपलं. त्या म्हणाल्या, एका तबकडीवरून काय कळणार? तेही खरंच होतं. मग दर बुधवारी एक असं ठरलं.

तिसऱ्या बुधवारी त्या चहा टाकत होत्या आणि आतून म्हणाल्या, इन्स्पेक्टर, डबीतून पिन घ्या. फोनोला प्रत्येक बाजूला नवी पिन लागते, एकदा वाजवली की ती बाद. मी पत्र्याची डबी उघडली. पिनांच्या खाली कापसाचा बोळा होता, आणि बोळ्यात तो स्क्रू. जुना, काळपट, एकाच खाचेचा. हरवलेली वस्तू कापसात गुंडाळलेली नसते, एवढं कळायला निरीक्षक असावं लागत नाही. बाईंनी तो स्वतः काढून ठेवला होता. कुणी जाणकार आला की त्याने एक खोट काढावी, चहा घ्यावा, जावं. जमलं तर पुन्हा यावं.

मी डबी बंद केली. पॅड काढलं आणि लिहिलं, "मूळ स्क्रू आढळला नाही." चौतीस वर्षांत पहिला खोटा अहवाल. खाली सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

पाचव्या बुधवारी एक तबकडी लागली, तिच्यात एक माणूस नुसता हसत होता. गाणं नाही, बोलणं नाही, तीन मिनिटं हसणं. आधी आम्ही दोघं गंभीरपणे तपासणी केल्यासारखं ऐकत राहिलो. मग बाईंच्या तोंडाला पदर गेला. मग माझा चष्मा पडला. मग आम्ही इतके हसलो, की खालचा शिंपी काय झालं म्हणून बघायला वर आला. हिने हे ऐकलं असतं तर किती हसली असती! वर्षातून दोनदा म्हणत होती बिचारी. मी बाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगा ना अजून त्यांच्याबद्दल." मी सांगत बसलो, आणि त्या दिवशी बस चुकली.

सातव्या बुधवारी मी मनातल्या मनात हिशेब केला. अकरातल्या सात संपल्या होत्या. चहाचा कप ठेवता ठेवता मला आठवलं, की तबकडीला दोन बाजू असतात. मी ते अगदी सहज, खाकरून, बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही आत्ताच लक्षात आलं."

पण आमच्या जिन्याला कुणाचं बरं बघवत नाही असं नव्हे, जास्तच बघवतं. दर बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून हा माणूस कुठे जातो, या चौकशीला मी ऐटीत उत्तर दिलं होतं, की अस्सल फोनो सापडलाय, एका स्क्रूपायी अडलंय. आपण बोललो आणि विसरलो. चौदाव्या बुधवारी सकाळी चेअरमन आणि बँकवाले दारात उभे. चेअरमनच्या तळहातावर रुमाल आणि रुमालावर स्क्रू. जुना, एकाच खाचेचा. दोघांनी महिनाभर जुन्या बाजारात पायपीट करून, घड्याळवाल्यांचे डबे उपसून तो शोधला होता. बँकवाले तर त्यासाठी एका दुकानात तेरा वेळा जांभई देऊन आले होते. माझ्यासाठी इतकं कुणी कधी केलं नव्हतं. मला दोघांच्या मुस्कटात मारावीशी वाटली.

"चला," चेअरमन म्हणाले. "आज सौदा करूनच येऊ."

बाईंनी दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला, मग माझ्यामागचे दोघं दिसले. कप दोनच काढलेले होते. चेअरमननी भाषणासारखं करून रुमाल उलगडला. नवा स्क्रू काढला, जुना बसवला, आणि तो मेला बसलाही, अगदी त्याच जागेसाठी घडवल्यासारखा. बँकवाल्यांनी जांभई दिली. बाई माझ्याकडे बघत होत्या.

मला एवढंच म्हणायचं होतं, की हा स्क्रू जुना आहे पण या यंत्राचा नाही, आणि जुनं म्हणजे मूळ नव्हे. निरीक्षक म्हणून ते शंभर टक्के बरोबर होतं. पण मग मूळचा कुठाय, हा प्रश्न आला असता. आणि दोन गृहस्थ माझ्या तोंडाकडे बघत होते, ज्यांच्यापुढे मी सात-आठ महिने काटेकोर म्हणून मिरवलो होतो. या वयात मी बुधवारी चहाला येतो, हे त्यांच्यासमोर म्हणायची मला लाज वाटली.

"इन्स्पेक्टरसाहेब," बाई म्हणाल्या. साहेब त्यांनी आजवर कधी लावलं नव्हतं. "आता काही त्रुटी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग घेऊन जा."

बँकवाल्यांनी किंमत निम्म्यावर आणली. बाईंनी घासाघीस केली नाही. आम्ही तिघांनी तो तीन मजले खाली आणला, टॅक्सीत घातला, चार मजले वर चढवला. सोसायटीतले सगळे माझ्या खोलीत जमले. चेअरमननी स्वतः हँडल फिरवून किल्ली भरली, वहिनींनी ढेकणांसाठी लाकडाला कान लावला, मी तबकडी ठेवली, आणि तेव्हा कळलं, पिन नाही. आठ खुणांच्या कागदात पिनांचा उल्लेख नव्हता. थोडा वेळ सगळ्यांनी फिरती तबकडी पाहिली. मग एकेक जण गेला. बँकवाले म्हणाले, उद्या बाजारातून डझनभर पिना आणतो. मी त्यांच्यावर खेकसलो, बाजारच्या पिना या यंत्राला चालत नाहीत म्हणून. चांगल्या माणसाला उगाच दुखावलं.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. जाहिराती बघायची सोय राहिली नाही, कारण आता माझ्याकडे फोनो होता. कुठल्या दारात उभा राहून काय सांगू? कर्णा खोलीच्या मध्यावर तोंड करून बसलेला, आणि घरात ऐकण्यासारखं काही नाही. रविवारी मुलाला सांगितलं, मिळाला. तो खूश झाला. म्हणाला, आता कसा वेळ जाईल तुमचा. फोन पाच मिनिटांत संपला, एक काळजी कमी झाली ना. मी खुर्चीत बसून राहिलो आणि मला रडू आलं. फोनोमुळे नव्हे. त्या दिवशी "नाही" म्हणालो, त्यामुळे.

मंगळवारी फोन लावला. दोनदा ठेवून तिसऱ्यांदा वाजू दिला.

"बोला, ऐकतेय."

मी म्हटलं, यंत्राबरोबर पिना आलेल्या नाहीत, ही त्रुटी अहवालात नोंदवायची राहिली.

पलीकडून शिलाई मशीन ऐकू येत होतं.

"डबी कुठे ठेवली सापडत नाहीये," बाई म्हणाल्या. "एक पिन सापडलीय तेवढी."

"एकीने एकच बाजू होईल."

"मग तेवढी घेऊन येते. उद्या बुधवारच आहे."

बुधवारी मी सकाळपासून कप धूत होतो. घरी कुणासाठी चहा करायची माझ्यावर वेळ आली नव्हती, ते खातं हिचं होतं. साखर मी मापाने घेतली. चार वाजता बेल वाजली. चार मजले चढून बाई धापा टाकत होत्या. त्यांनी कागदाची पुडी उलगडून एक पिन माझ्या हातावर ठेवली आणि कर्ण्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. ती हिची खुर्ची. तिच्यावर बसू नका असं मी वहिनींना दोन वर्षांत दोनदा सांगितलं होतं. बाईंना नाही सांगितलं.

बसताना त्यांनी पर्स मांडीवर ठेवली, आणि आत पत्र्याच्या डबीत शेकडो पिना खुळखुळल्या. त्यांत एक जड आवाजही होता, स्क्रूचा. चौतीस वर्षं मी आवाजावरून वजनं ओळखली आहेत. बाई खिडकीकडे बघायला लागल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

मी सरकारी पॅड काढलं, तारीख घातली आणि लिहिलं, "पिनांची डबी आढळली नाही." कार्बनची प्रत त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती चष्मा लावून पूर्ण वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि पुन्हा खुळखुळलं.

"हसणाऱ्या माणसाची दुसरी बाजू राहिलीय," त्या म्हणाल्या.

मी पिन बसवली आणि हँडल फिरवायला लागलो.